गुडघ्याचा ब्रेस: भार कुठून कुठे सरकतो आणि तो नीट कसा बसवायचा

औषधांच्या दुकानात मिळणारी लवचिक नी कॅप गुडघ्यातला भार एका बाजूकडून दुसरीकडे हलवत नाही. ती ऊब देते, हलका दाब देते आणि पाऊल टाकताना गुडघ्याची जाणीव वाढवते. त्यामुळे अनेकांना बरंही वाटतं. पण पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला असेल, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अर्ध्या भागाची, म्हणजे आतल्या कप्प्याची कूर्चा झिजली असेल आणि त्या कप्प्यावरचा भार थोडा हलका करायचा असेल, तर कडक दांडी, बिजागरी आणि तीन ठिकाणी दाब देणारा ब्रेस लागतो. त्याला ओए (ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज) ब्रेस किंवा अनलोडर ब्रेस म्हणतात. नी कॅप काही शे रुपयांत मिळते, तर हा ब्रेस काही हजारांत आणि कधी त्याच्याही कितीतरी पुढे जातो. म्हणून तो घेण्याआधी तो काम कसा करतो हे समजून घ्यावं. चुकीच्या बाजूचा किंवा सैल बसलेला अनलोडर ब्रेस नी कॅपपेक्षाही वाईट, कारण तो नको तिथे दाबतो.

भार नेमका कुठून जातो

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मधून, किंचित आतल्या अंगाने जाते. तरीही चालताना गुडघ्यातला साधारण ६० ते ७० टक्के भार आतल्या कप्प्यावर पडतो. एक पाय उचलला की शरीराचं सगळं वजन टेकलेल्या पायाच्या आतल्या बाजूला राहतं, आणि जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या मध्यातून न जाता त्याच्या आतल्या बाजूने जातो. शिवाय स्नायूंची ओढही सांध्यावरच येते. त्यामुळे सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि पायऱ्या उतरताना त्याहून जास्त.

हिशोब करून पाहू. वजन ७० किलो म्हणजे साधारण ७०० न्यूटन. पाय बाहेर वाकलेला असल्यामुळे हा जोर गुडघ्याच्या मध्यापासून ५ सेंटिमीटर आतून जातोय असं धरा. ७०० गुणिले ०.०५ म्हणजे ३५ न्यूटन-मीटर. इतका जोर प्रत्येक पावलाला गुडघा आणखी बाहेर वाकवू पाहतो. हेच अंतर ३ सेंटिमीटर असतं तर जोर २१ वर आला असता. वजन तेवढंच, पण दोन सेंटिमीटरनी एवढा फरक पडतो.

आता ब्रेसकडे या. तो गुडघ्याला बाहेरून आत ढकलतो, आणि त्याच वेळी मांडी व पोटरी आतल्या बाजूने बाहेर ढकलतो. हे झाले तीन बिंदू. मांडीचा आणि पोटरीचा दाब गुडघ्यापासून प्रत्येकी २० सेंटिमीटरवर असेल आणि मधला दाब ६० न्यूटन, म्हणजे सुमारे ६ किलो वजनाइतका असेल, तर दोन्ही टोकांना ३०-३० न्यूटन येतात. ३० गुणिले ०.२० म्हणजे ६ न्यूटन-मीटर. ३५ पैकी ६, जवळपास सहावा हिस्सा. चांगल्या बसलेल्या ब्रेसकडून साधारण एवढ्याच मदतीची अपेक्षा ठेवावी. भार कमी होतो, संपत नाही, आणि वाकलेलं हाड सरळ होत नाही. ब्रेस काढला की रेषा होती तिथेच असते. पण रोजच्या हजारो पावलांत प्रत्येक वेळी सहावा हिस्सा कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. ब्रेस आखूड असेल आणि टोकांचे दाब फक्त १२ सेंटिमीटरवर असतील, तर तेवढ्याच परिणामासाठी मधला दाब १०० न्यूटन लागेल. तो त्वचेला सोसत नाही, मग माणूस पट्टा सैल करतो आणि ब्रेस नावापुरता राहतो. कपड्याखाली लपतो म्हणून आखूड ब्रेस घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पहिली पायरी: वाकण्याची दिशा आणि प्रमाण

आरशासमोर अनवाणी, गुडघ्याच्या वाट्या सरळ समोर ठेवून उभे राहा. घोटे जुळवले असताना गुडघ्यांमध्ये अंतर राहत असेल तर पाय बाहेर वाकलेले आहेत. ते अंतर टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. गुडघे आधी एकमेकांना टेकत असतील आणि घोटे लांब राहत असतील तर पाय आत वाकलेले आहेत. अशा पायात बाहेरचा कप्पा जास्त भार घेतो आणि ब्रेसने उलट्या दिशेने, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूने दाबायला हवं.

खरेदीतली सर्वात मोठी चूक इथेच होते. बऱ्याच मॉडेलांत डाव्या पायाच्या आतल्या कप्प्यासाठी असलेला ब्रेस आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कप्प्यासाठी असलेला ब्रेस ही एकच वस्तू असते, कारण दोन्हींत गुडघ्यावरचा दाब एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे येतो. त्यामुळे खोक्यावर नुसतं ‘डावा’ वाचून चालत नाही. कोणत्या पायाच्या कोणत्या कप्प्यावरचा भार कमी करायचा, हे चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.

एक्स-रे उभं राहून काढलेलाच हवा. झोपून काढलेल्या चित्रात कप्प्यातली फट रुंद दिसते, कारण वजनच पडलेलं नसतं. वाकडेपणा जास्त वाटत असेल तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा स्कॅनोग्राम, म्हणजे पूर्ण पायाचा एक्स-रे उपयोगी पडतो. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात असो किंवा खासगी दवाखान्यात, ‘उभं राहून’ हे शब्द आठवणीने सांगा.

दुसरी पायरी: वाकडेपणा हाताने थोडा सरळ होतो का

ही तपासणी फिजिओ किंवा डॉक्टरांनी करायची आहे. झोपवून, गुडघा १५ ते २० अंश वाकवून ते तो हलकेच उलट दिशेने दाबून पाहतात. पाय थोडा तरी सरळ होत असेल तर ब्रेसला काम करायला जागा आहे. हाडाला हाड टेकून पाय अगदी घट्ट झाला असेल, तर ब्रेस फक्त मांस दाबतो आणि खालचा सांधा जिथल्या तिथे राहतो. मांडी खूप भरलेली असेल तरीही हेच होतं. अशा वेळी पैसे खर्च करण्याआधी एक-दोन आठवडे ब्रेस वापरून पाहण्याची सोय आहे का, ते विचारा.

त्याच वेळी गुडघा पूर्ण सरळ होतो का, हेही पाहायचं. पाय पसरून बसा आणि गुडघ्याखाली हात घाला. मोठी पोकळी राहत असेल आणि गुडघा दाबूनही ती मिटत नसेल, तर आधी व्यायामाने ती कमी करावी लागते. वाकलेल्या गुडघ्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत ओढत राहावं लागतं आणि वाटीमागचा भार वाढतो. त्यावर बाजूने दाबणारा ब्रेस उपाय नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, पोटरीवर जखम किंवा ठळक फुगलेल्या शिरा असतील, किंवा एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखत असेल, तर स्वतःच्या मनाने ब्रेस लावू नका. शेवटच्या प्रकारात शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तिसरी पायरी: माप

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभं राहून, स्नायू सैल सोडून, वाटीच्या मध्यावर पेनाने खूण करा. तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर, वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर आणि १५ सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर घ्या. कंपनीने दिलेलं अंतर वेगळं असेल तर त्यांचंच धरा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. मांडी आणि पोटरी वेगवेगळ्या मापांत बसत असतील तर मधलं माप घेऊन भागवू नका. असा पाय ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे ब्रेस बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या आणि प्लास्टरचा साचा घेऊन ब्रेस बनवून घ्या. पुण्यात हे काम करणारे लोक आहेत. लष्कराचं वानवडीतलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून इथे आहे, त्यामुळे ही विद्या शहराला नवी नाही.

चौथी पायरी: बिजागरी

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्याभोवती फिरत नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीवर गडगडतं आणि घसरतंही, त्यामुळे फिरण्याचा मध्य सरकत राहतो. दोन चाकांची बिजागरी त्याच्या जवळ जाते, पण तीही त्याच्याशी पूर्ण जुळत नाही. म्हणून ती कुठे बसवायची हे महत्त्वाचं ठरतं.

तयार ब्रेसमध्ये बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या पातळीवर किंवा किंचित वर ठेवायचा. बाजूने पाहिलं तर तो पायाच्या मध्यरेषेच्या थोडा मागे हवा. वाटी सोडून पायाची पुढून मागे जाडी मोजली, तर पुढून ६० टक्के आणि मागून ४० टक्के ही जागा धरतात. बिजागरी पुढे सरकली असेल तर बसताना ब्रेसच्या कडा मांडीत रुततात आणि तो पायावर वरखाली सरकतो.

तपासायची सोपी रीत अशी. उभं राहून ब्रेस लावा आणि पोटरीच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला त्वचेवर पेनाने रेघ ओढा. खुर्चीवर बसून गुडघा ९० अंशांत वाकवा, पुन्हा उभे राहा, असं दहा वेळा करा. बसल्यावर कडा रेघेपासून थोडी हलली तर चालेल. उभं राहिल्यावर ती रेघेवर परत आली पाहिजे. दर वेळी ब्रेस थोडा आणखी खाली राहत असेल, तर पट्टे घट्ट करण्याआधी बिजागरीची जागा बदला.

पाचवी पायरी: पट्ट्यांचा क्रम

खुर्चीच्या कडेला बसून गुडघा अर्धवट वाकवा. अनेक ब्रेसच्या पट्ट्यांवर आकडे छापलेले असतात, तोच क्रम पाळा. आकडे नसतील तर गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा आधी लावा. संपूर्ण ब्रेस याच पट्ट्यावर टांगलेला असतो. मग खालचा पोटरीचा, नंतर मांडीचे दोन्ही पट्टे. भार हलवणारा तिरका पट्टा किंवा चकती सर्वात शेवटी आणि पाय सरळ करून. ब्रेस थेट त्वचेवर किंवा पातळ सुती मोज्यावर लावा. सलवार किंवा पायजम्यावरून लावलेला ब्रेस पन्नास पावलांत खाली येतो. तेल किंवा मलम लावलेल्या पायावरही तो टिकत नाही.

ब्रेस ३ सेंटिमीटर जरी खाली घसरला तरी धोका असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या थोडं खाली एक गोल हाड हाताला लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून जाणारी नस त्वचेच्या अगदी जवळ असते. आतल्या कप्प्यासाठीचा ब्रेस बाहेरून दाबतो, आणि तो दाब खाली सरकला की थेट या नसेवर येतो. पंजाच्या वरच्या भागाला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला किंवा पंजा वर उचलताना ताकद कमी वाटली, तर ब्रेस तिथेच काढा. काढल्यावरही ताकद परत आली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

तिरका पट्टा किती घट्ट करावा? पहिल्या दिवशी अगदी नाममात्र. मग तीन-चार दिवसांनी एक खूण वाढवायची. चालताना आतली कळ कमी झाली की थांबा. त्यापुढे घट्ट केलं की बाहेरचा कप्पा किंवा घोटा कुरकुरायला लागतो. दाबाचाही हिशोब लक्षात ठेवा. ६० न्यूटन १० बाय ५ सेंटिमीटरच्या गादीवर पसरले तर त्वचेवर सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. रक्तदाबाच्या आकड्यांशी ताडून पाहा. गादी दुमडून अर्धीच टेकली तर तो १८० होतो. त्यामुळे गादीला सुरकुती पडली असेल तर ती तशीच ठेवून चालायला लागू नका.

पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी अर्धा-अर्धा तास दोनदा, तेही घरातच. दर वेळी काढल्यावर त्वचा पाहा. लाली २० ते ३० मिनिटांत गेली पाहिजे. राहिली तर त्या जागी दाब जास्त आहे. मग रोज साधारण तासभर वाढवत चार ते सहा तासांपर्यंत जा. जास्त चालणं किंवा उभं राहणं असेल तेव्हाच तो वापरायचा आहे. झोपताना आणि नुसतं बसलेलं असताना काढून ठेवा.

आषाढी वारीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पुण्यातून दिवेघाट चढून सासवडला जाणारा दिवस लांब आणि चढाचा असतो. नवा ब्रेस त्या सकाळी पहिल्यांदा बांधून निघू नका. निदान महिनाभर आधीपासून वापर सुरू करा, आणि शेवटच्या आठवड्यात तो लावून रोज दोन-तीन तास चालून पाहा. घाटात भिजलेली गादी आणि घामाने मऊ पडलेली त्वचा यांतून तासाभरात फोड येतो. पिशवीत सुके सुती मोजे ठेवा.

हालचालीत काय बदलतं

साध्या चालण्यात पाय पुढे आणताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. पायऱ्या चढताना ९० च्या आसपास जातो, आणि उकिडवं बसताना १२० च्याही पुढे. ब्रेस लावल्यावर पाय पुढे आणताना गुडघा थोडा कमी वाकतो. ब्रेस घट्ट किंवा जड असेल तर माणूस नकळत कंबर उचलून पाय पुढे टाकतो. आठवड्याभरात कंबर दुखायला लागली तर आधी चाल पाहा. घरातल्या कुणाला तरी मागून मोबाईलवर चित्रण करायला सांगा. कंबर एका बाजूला उचलली जाताना सहज दिसते.

उकिडवं बसताना मांडीचा आणि पोटरीचा भाग मागे एकमेकांवर आदळतो आणि ब्रेस पुढे ढकलला जातो. मांडी घालून जेवायला बसणं, फरशी पुसणं, भारतीय शौचालय या कामांना ब्रेस काढा. खरं तर गुडघा झिजलेला असेल तर त्यांना उंच बैठकीचा पर्याय शोधावा. पर्वतीच्या किंवा वाड्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. दुखऱ्या बाजूच्याच हातात धरणारे खूप दिसतात, आणि त्यांचा काठीचा अर्धाअधिक फायदा वाया जातो. वजनाचंही सांगायला हवं. एक किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो, आणि त्यासाठी पट्टा बांधावा लागत नाही.

काही ब्रेसच्या बिजागरीत गुडघ्याला ठरावीक अंशापुढे सरळ होऊ न देणारे थांबे बसवता येतात: ०, १०, २० अंश वगैरे. गुडघा मागे झुकत असेल तर ५ किंवा १० अंशांचा थांबा त्याला आवरतो. पण शस्त्रक्रियेनंतर बसवलेला थांबा काढायचा राहून गेला की गुडघा कायम वाकलेला राहायला लागतो. जुना ब्रेस दुसऱ्याकडून घेतला असेल तर थांब्याची पट्टी आत अडकलेली नाही ना, ते आवरण उघडून बघा.

घोट्याचा ब्रेसही गुडघा हलवतो

पोलिओ, पक्षाघात किंवा स्नायूंच्या दुर्बलतेत पावलापासून पोटरीपर्यंतचा ब्रेस देतात. तो गुडघ्याला स्पर्शही करत नाही, पण नडगी किती पुढे झुकेल हे तोच ठरवतो. नडगी पुढे झुकवली की गुडघा वाकतो, मागे रोखली की तो सरळ होतो आणि अति झालं तर मागे झुकतो. म्हणून अशा ब्रेससाठी चप्पल-बुटाची टाच फार महत्त्वाची. टाच एक सेंटिमीटर वाढली आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर नडगी जवळपास ४ अंश पुढे जाते. ज्या बुटावर ब्रेस जुळवून दिला तोच वापरा, किंवा नवा बूट घेताना टाच मोजून तेवढीच घ्या. मांडीपर्यंतच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पायाच्या लांब ब्रेसमध्ये गुडघ्याला कुलूप असेल, तर बसण्याआधी ते उघडायचं आणि उभं राहिल्यावर ते पूर्ण बसल्याचा आवाज ऐकूनच पाऊल टाकायचं. अर्धवट बसलेल्या कुलपामुळे माणूस पडतो.

लहान मुलांचे पाय

दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले आणि तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना टेकणारे असणं बहुतेक मुलांत नैसर्गिक असतं. सातव्या वर्षाच्या सुमारास ते स्थिरावतं. त्यासाठी ब्रेस विकत आणू नका. एकच पाय वाकडा असेल, वाकडेपणा वाढत असेल, किंवा मनगटं जाड आणि उंची कमी दिसत असेल, तर मुडदूस आहे का ते तपासून घ्या. मुडदुसात आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचे उपचार करावे लागतात.

फरक पडतोय का, हे मोजा

सुरू करण्याआधी तीन नोंदी करा: सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालल्यावर शून्य ते दहापैकी दुखणं किती, हात न टेकता तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि एक जिना उतरायला किती वेळ लागतो. ब्रेससह आणि ब्रेसशिवाय, एकाच दिवशी, मध्ये विश्रांती घेऊन. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बसवण्यात चूक आहे किंवा हा गुडघा ब्रेसने सुधारणारा नाही. तरुण, कामकरी माणसाचा पाय खूप वाकडा असेल तर नडगीचं हाड कापून रेषाच बदलणारी शस्त्रक्रिया असते, तिच्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. ब्रेसने बरं वाटत असलं तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम सोडू नका. झोपून सरळ पाय उचलणं, दहा-दहाचे तीन फेरे, एवढं तरी रोज करा.

देखभाल

एप्रिल-मेमध्ये आतल्या मांडीवर घामोळं येतं, म्हणून दोन मोजे ठेवा आणि दुपारी बदला. गाद्या आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच बसवा. पावसाळ्यात त्यांना दोन दिवस लागू शकतात, तेव्हा जास्तीच्या गाद्या खरेदीच्या वेळीच मागून घ्या. वेलक्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पट्टा चालता चालता सुटतो. महिन्यातून एकदा बिजागरीचे स्क्रू पाहा आणि दांडी हाताने आजूबाजूला हलवा. खडखड होत असेल तर ऑर्थोटिस्टकडे न्या, कारण त्या सैलपणातच भार हलवणारा दाब वाया जातो.